हळिवाच्या लाडवाचा भरवसा

"अंग आतून भरलेलं ठेवा, म्हणजे किरणांना बसायला जागा उरत नाही," असं भाऊसाहेब नेहमी म्हणायचे, आणि म्हणता म्हणता डबा उघडून पुढे करायचे.

डब्यात लाडू असत. हळीव बार्शीहून येई, त्यांची बायको सुधा निवडून, चाळून पाठवायची. बाकी सगळं सौदीतल्या कामगार कॅम्पच्या खोलीत. तीळ भाजायचे, नाचणी परतायची, भोपळ्याच्या बिया कुटायच्या. वर फिलिपिनो दुकानातल्या वाळक्या शेवाळाची चिमूट.

"भाऊ, लाडवास हर्णैच्या बंदराचा वास येतो," सिराजुद्दीन नाक मुरडायचा. तो दापोलीकडचा, भाऊसाहेबांचा कामातला जोडीदार.

"तो आयोडीनचा वास आहे, येड्या. दोन खा."

"दोन खाल्ले तर मासळी बाजारात उभा करतील मला," म्हणत तो तीन खायचा.

रास तनुऱ्याच्या अलीकडे एका लहान ठेकेदाराचं पाइपांचं यार्ड होतं. तिथं हे दोघं वेल्डिंगच्या जोडांचे फोटो काढत. माणसाच्या हाडाचा एक्स-रे काढतात ना, तसाच लोखंडाचा. कॅमेरा म्हणतात तो एक जड डबा, त्यात किरण सोडणाऱ्या इरिडियमचा एवढासा कण. लांब उभं राहून हँडल फिरवलं की कण नळीतून जोडापाशी जातो, उलटं फिरवलं की डब्यात परत येतो. परत आला का मध्येच अडकला, हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून किरण मोजणारं मीटर हातात धरल्याशिवाय नळीजवळ जायचं नाही. हा धडा भाऊसाहेबांनी कितीतरी पोरांना शिकवला होता.

मग लाडवांचा हा भरवसा कुठून आला? फार मागे त्यांनी फोनवरच्या एका व्हिडिओत ऐकलं होतं, की अणुभट्टीत अपघात झाला की आसपासच्या लोकांना आयोडीनच्या गोळ्या देतात. गळ्यातली ग्रंथी चांगल्या आयोडीननं भरली की हवेतलं विषारी आयोडीन तिथं शिरत नाही. गोष्ट खरीच होती. पण भाऊसाहेबांनी त्या एका खऱ्या गोष्टीचं पांघरूण ओढून ओढून सगळ्या अंगावर घेतलं. लोह, जस्त, कॅल्शियम, सगळ्यांना पहाऱ्यावर बसवलं. आणि यार्डात त्यांचा शब्द मोठा होता.

त्या दिवशी शेवटचा जोड उरला होता. फोरमन लांबून 'यल्ला, यल्ला', चला लवकर, असं ओरडत होता. सिराजनं मीटर हातात घेतलं तर त्याचा काटा मेलेला. सेल संपले होते. स्टोअर यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ऊन असं की सावलीसुद्धा भाजून निघावी.

"भाऊ, सेल घेऊन येऊ?"

भाऊसाहेब ड्रमांच्या आडोशाला हँडल धरून उभे होते. "आत आलाय कण, मला हाताला कळतं. लाडू खाल्लेस ना? जा, नळी काढ."

सिराज हसत गेला. कॉम्प्रेसरच्या धडधडीत किरण लागले की वाजणारा खिशातला अलार्म कुणाला ऐकू आला नाही. नळी हातात धरून तो तिच्या टोकाची फिरकी सोडवत राहिला. कण तिथंच होता, त्याच्या बोटांखाली.

काही दिवसांनी बोटं लाल झाली, मग फोड आले.

दम्मामच्या इस्पितळात डॉक्टर कीर्ती होत्या, नाशिकच्या. भाऊसाहेबांनी त्यांना बाहेरच गाठलं, हातात डबा.

"डॉक्टरीणबाई, हे जास्त दिलं तर भरून येईल का लवकर?"

त्यांनी डबा उघडून वास घेतला. "काका, खायला चांगलं आहे. पण शेवाळातलं आयोडीन पोटात, श्वासात जाणाऱ्या विषारी आयोडीनसाठी, आणि तेही फक्त त्या एका ग्रंथीपुरतं. बाहेरून येणारा हा किरण बसायला जागा शोधत नाही. तो आरपार जातो. त्याच्यापुढे लांब राहायचं, आड राहायचं, वेळ कमी ठेवायचा. हे तुम्हाला मी सांगायचं का?"

भाऊसाहेबांचे कान तापले. "बोटं?"

"एखाद्याचं टोक काढावं लागेल. अजून सांगता येत नाही."

आत सिराज खिडकीशी बसला होता. उजव्या हाताचं मोठं गाठोडं झालेलं.

"आलात भाऊ? डबा द्या इकडे. सेफ्टीवाला सत्यजित येऊन गेला. मी सांगितलं, मीटर मीच विसरलो. तुमचं नाव नाही काढलं."

"मग?"

"मग काय, खलास. कफील व्हिसा रद्द करून कायमचा घरी पाठवणार. हात बरा झाला की बघू दुसरीकडे. चार लाडू जास्त खाईन."

भाऊसाहेबांनी डबा दिला नाही. पलंगाच्या कडेला बसले. त्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"सिराज, या लाडवाचा त्या किरणाला काही उपयोग नाही. कधीच नव्हता."

"थट्टा करता काय?"

"नाही."

सिराज हाताकडे बघत राहिला. मग फार हळू, राग नसलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्हीसुद्धा खाल्ले होते ना त्या दिवशी? मग तुम्ही का नाही गेलात नळीपाशी?"

हे कुणी विचारलं नव्हतं. भाऊसाहेबांनी स्वतःलाही नाही. ड्रमांचा आडोसा त्यांना आठवला, पाठीला लागलेलं त्याचं तापलेलं पत्र्याचं अंग आठवलं. लाडू त्यांनीही पोटभर खाल्ले होते, तरी पायांनी जागा सोडली नव्हती. पायांना खरं ठाऊक होतं आणि तोंड दुसऱ्याला पुढे पाठवत होतं.

"पाय उचलला नाही रे," ते म्हणाले. मान वर झाली नाही.

सिराजनं तोंड खिडकीकडे फिरवलं. शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.

भाऊसाहेब उठले. "सत्यजित खाली आहे का अजून?"

"गाडीत असेल. कशाला? भाऊ, तुमचं लायसन जाईल. या वयात कोण घेईल तुम्हाला?"

"मीटर बंद होतं, हे मला माहीत होतं. तरी जा, असं मीच म्हणालो. तेच सांगायचंय त्याला."

ते जिना उतरले. बाहेर गाड्यांच्या रांगा उन्हात लकाकत होत्या. त्यांतून भाऊसाहेब सत्यजितच्या गाडीकडे सावकाश चालत गेले, एकदाही मागे न बघता. वरून खिडकीच्या काचेला कपाळ टेकून सिराज त्यांना बघत होता.