तांब्या ठेवताना होणारा आवाज

"मॅडम, तुम्ही आमचा नट बिघडवलात," फोनवरच्या बाई म्हणाल्या. नमस्कार वगैरे काही नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासायचे आणि गरज असेल त्याला श्रवणयंत्र बसवून द्यायचं, हे माझं काम. नारायण पेठेत क्लिनिक आहे. यंत्र शिट्टी मारतं, टोचतं, हरवलं, कुत्र्यानं चावलं, अशा सगळ्या तक्रारी ऐकून झाल्या आहेत. नट बिघडल्याची ही पहिलीच.

नट म्हणजे सुधाकरकाका. पोस्टातून रिटायर झालेले, वय बहात्तर, पेठेतल्या एका हौशी नाट्यमंडळाचे जुने कलाकार. आठवड्यापूर्वीच मी त्यांना यंत्रं दिली होती. फोनवर होत्या त्या मंडळाच्या दिग्दर्शिका मेघनाताई, एरवी शाळेत गणित शिकवणाऱ्या. स्पर्धेतला प्रयोग बारा दिवसांवर आला होता.

"नक्की काय झालं?"

"यांचा आवाज शेवटच्या रांगेत जायचा, तो आता तिसऱ्या रांगेत जात नाही. वाक्यं उशिरा घेतात. काल म्हणाले, माझ्या जागी दुसरं कुणी बघा. आणि तुम्ही मलाच विचारताय."

आवाजाचं कारण मला लगेच कळलं आणि लाजही वाटली. नवीन यंत्र घातलं की माणसाला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो. मग तो आपोआप हळू बोलू लागतो. घरचे खूश होतात. स्टेजवर मात्र पंचाईत. काकांच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात 'निवृत्त' लिहिलं होतं. मी पुढे काही विचारलंच नव्हतं.

वाक्यं उशिरा घेण्याचं मात्र कोडं सुटेना. काकांचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, चांगलाच खाली गेलेला होता. जाड, दणकट आवाज ठीक, बारीक आवाज जवळजवळ गेलेले. अशा माणसाला कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. तपासणीत मी तोंडासमोर कागद धरला तेव्हा त्यांना दहातले तीनच शब्द सांगता आले. मग या कानांनी ते आजवर वाक्यं वेळेवर घेत तरी कसे होते?

शनिवारी संध्याकाळी मी तालमीला गेले. शाळेचा हॉल, भिंतीला सरकवलेली बाकं. नाटक घरगुती. काका वडील, नलिनीताई आई, आणि बुधवार पेठेत दुकान असलेला शिरीष त्यांचा मुलगा. काकांचं बरंचसं काम खुर्चीत, प्रेक्षकांकडे तोंड करून. म्हणजे बोलणाऱ्याचे ओठही दिसणार नाहीत.

दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं. नलिनीताई आपलं वाक्य संपवताना पितळी तांब्या ठक्कन टेबलावर ठेवत होत्या. शिरीष वाक्य संपलं की टाच आपटत होता. एकदाही चूक नाही, आणि सगळं नाटकातलंच वाटावं इतकं सहज. जाड आवाज. काकांना ऐकू येणारे नेमके तेवढेच.

"हे केव्हापासून?" मी मेघनाताईंना हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली. तीन नाटकं. प्रत्येक संहितेत त्यांच्या वाक्याआधी कुणाच्या हातात काय द्यायचं, हे आधी ठरतं. त्यांना यातलं काही माहीत नाही. तुम्हीही बोलू नका."

तीन नाटकं. कुणी या माणसाला कमी वाक्यांची भूमिका दिली नाही, की तुम्हाला ऐकू येत नाही असं तोंडावर म्हटलं नाही. मी दिवसभर पेशंटच्या नातेवाइकांना "समोर येऊन, सावकाश बोला" असं सांगत असते आणि त्यातले निम्मेही ऐकत नाहीत. इथे दुकानदार, मास्तरीणबाई आणि गृहिणी न सांगता सगळं करत होते. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

आता काकांची अडचण उलगडली. यंत्रामुळे त्यांना शब्द ऐकू येत होते, म्हणून ते शब्द समजून घेण्यात गुंतत होते. तेवढ्यात ठक्क वाजून जायचं आणि वेळ चुकायची.

सोमवारी काकांना बोलावलं. यंत्रात स्टेजसाठी वेगळा प्रोग्राम बसवला, त्यात त्यांचा स्वतःचा आवाज कमी वाढेल असं केलं.

"काका, शब्दांकडे लक्ष देऊ नका. पूर्वी घेत होतात तशीच वाक्यं घ्या."

काकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले.

प्रयोगाला मी पाचव्या रांगेत होते. काकांचा आवाज खणखणीत येत होता, वाक्यं वेळेवर. मी निर्धास्त झाले. शेवटच्या प्रवेशात मुलगा भांडून घर सोडायला निघतो, आई त्याला थांबवते. नलिनीताई उभ्या राहिल्या आणि त्यांना वाक्यच आठवेना. शिरीष दारापाशी पोचला. विंगेतून कुणी वाक्य सांगितलं असतं तर परीक्षकांना ऐकू गेलं असतं.

काकांनी खुर्चीतून हात लांब केला, तांब्या उचलला आणि ठक्कन टेबलावर ठेवला.

"त्याच्या ताटाचं काहीतरी म्हणणार होतीस तू," ते म्हणाले. हे वाक्य संहितेत नव्हतं.

नलिनीताईंचा चेहरा बदलला. "ताट वाढलंय," त्या म्हणाल्या. "जेवून जा." आवाज खरोखरच भरून आला होता. शिरीष थांबला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी चष्मा पुसला.

प्रयोग संपल्यावर मी आत गेले तेव्हा काका मेकअप पुसत होते. नलिनीताई समोर उभ्या.

"काका, तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढ्याशा तांब्याला दोन वर्षं कोण इतकं आपटतं हो?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे इतकं मनापासून करत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला."

नलिनीताई रडल्या. मेघनाताई भिंतीकडे तोंड करून कपडे आवरू लागल्या.

मंडळाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी अभिनयाचं कौतुक केलं आणि खाली शेरा मारला, 'भांडी हाताळताना फार आवाज होतो, काळजी घ्यावी.' मेघनाताईंनी तो मंडळाच्या फलकावर लावला आहे. पुढच्या नाटकातही तांब्या आहे.

माझ्या फॉर्मवर 'व्यवसाय'च्या खाली आता आणखी एक रकाना आहे. 'संध्याकाळी काय करता?'