सात वेळा तोललेला बाण

आमच्या घरात देव नव्हते. म्हणजे होते, पण तसबिरींतले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेनं गुळगुळीत झालेले खरे देव नागपूरला मोठ्या काकांकडे. देव थोरल्याकडे राहतात आणि धाकटा नोकरी नेईल तिकडे जातो. बाबा असेच भोपाळला आले, सोनागिरीत घर झालं, आणि आई चाळीस वर्षं तसबिरींना फुलं वाहत राहिली. तिची हौस एकच होती. नर्मदा इथून दोन तासांवर, तर घरात नर्मदेचा एक बाण हवा. बाण म्हणजे नदीनंच घासून घडवलेलं छोटं शिवलिंग. त्याला छिन्नी लागलेली नसते, त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, तो मुळातच देव. "नर्मदा के कंकर, सब शंकर," असं शेजारीपाजारी म्हणाले की मात्र आई चिडायची. "सगळेच शंकर कसे? मग पारखायचं काय?"

गेल्या हिवाळ्यात तो तिला सापडला. होशंगाबादच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसली होती, पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. देवाला पाय लागला म्हणून तिनं आधी तिथेच कान धरले. सुपारीहून थोडा मोठा, तपकिरी, मधून एक फिकट रेघ. मला फोनवर हे सांगताना ती इतकी खुशीत होती की गॅसवरचा चहा उतू जाईल अशी मीच तिला आठवण करून दिली.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल, आणि उशीर नको.

आई म्हणाली, "बाण देवघरात बसू दे, मग येते. मी परत नाही आले तर या घरात नुसत्या तसबिरी नकोत."

मी अरेरा कॉलोनीतल्या माझ्या घरून स्कूटर काढली आणि तडक भांडायला गेले. "अगं, मग बसव ना! कोण अडवतंय तुला?"

अडवत होती मोठी आई, म्हणजे नागपूरची थोरली काकू. तिनं फोनवरून विधी सांगितला होता. बाण त्याच त्या तांदळाशी तोलायचा, सात वेळा. हलका भरला तर तो गृहस्थाचा, जड भरला तर बैराग्याचा. सातही वेळा सारखाच भरला तर तो नुसता धोंडा, नदीचा नदीला परत. आणि आईनं ठरवून टाकलं होतं की परत करावा लागलाच, तर दुसरा सापडेपर्यंत ऑपरेशन नाही.

"आणि तोलणार कोण?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं: बाबा.

बाबांची सगळी नोकरी कारखान्याच्या मापांच्या खोलीत गेली. तिथे काही बनत नाही. बाकी कारखाना ज्या साधनांनी मोजतो, ती साधनं बरोबर आहेत का, एवढंच तिथे बघतात. तिथलं वजन हातानं उचलायचं नाही, चिमट्यानं, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात भरतो. मी शाळेत असताना जवाहर चौकात एका दुकानदारानं पारड्याला हळूच अंगठा लावला, तर बाबांनी भर बाजारात त्याला तराजूचं शास्त्र समजावलं होतं. मी लाजेनं मेले. निवृत्त झाल्यावर भंगारातून एक जुना पितळी तराजू आणून त्यांनी महिनाभर दुरुस्त केला आणि काचेच्या पेटीत ठेवला. एक दाणा टाकला तरी त्याचा काटा हलतो. आई त्याला 'माझी सवत' म्हणते.

असल्या तराजूवर दगड सात वेळा वेगवेगळा कसा भरणार? साध्या वाण्याचा तराजू असता तर बिचारा आपोआप चुकला असता आणि आमचं काम झालं असतं. मी बाबांना बाजूला घेऊन हे सांगितलं. "अहो बाबा, एखादा दाणा इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळेल?"

"खोट्या मापावर देव बसवायचा?" बाबा म्हणाले. "तिचा?"

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तशातला माणूस. मला त्यांचा अस्सा राग आला होता! आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता, म्हणून जास्तच राग येत होता.

साक्षीला आईनं वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं. काकूही नागपूरच्याच, बौद्ध, आयुष्यभर नर्स होत्या. "ताई देव मानत नाहीत, त्या कोणाची बाजू घेणार नाहीत," हे आईचं गणित. काकूंच्या घरी बुद्धमूर्तीसमोर एक गोटा असतो, सांचीच्या वाटेवर एका शेताच्या बांधावरून त्यांच्या आईनं कधीतरी उचललेला. मी एकदा खोचकपणे विचारलं होतं, "काकू, देव नाही म्हणता, मग हा कोण?" त्या अजिबात रागावल्या नाहीत. "हा कोणीच नाही गं. याला मी नमस्कार करत नाही, काही मागत नाही. सकाळी वंदनेला बसले की हातात धरते. मन गावभर भटकायला निघालं की हा हाताला जड लागतो, आणि मी परत येते." आधी त्यांच्या आईच्या आणि मग त्यांच्या तळव्यानं त्या गोट्याची एक बाजू चकचकीत झाली आहे. मला कशालाच इतकी वर्षं रोज हात लावता आलेला नाही. आई आणि काकू, या दोघी बायकांपुढे मी मनातल्या मनात कधीचीच हरले आहे.

रविवारी सकाळी तोलायला बसलो. आईनं तोलण्यासाठी बालाघाटचा चिन्नोर तांदूळ आणला होता, बारीक, वासाचा, आणि आदल्या दिवशी बसून त्यातली कणी न्‌ कणी वेगळी केली होती. काकूंना रिकामं बसवत नाही, म्हणून त्या इडलीचा जाडा तांदूळ सुपात घेऊन बाबांच्या शेजारी निवडत बसल्या. बाबांनी पेटी उघडली, चिमट्यानं बाण एका पारड्यात ठेवला, दुसऱ्यात चिन्नोर घालत गेले, काटा मधोमध आणला. मग उतरवायचा, काटा थांबू द्यायचा, पुन्हा ठेवायचा.

"दुसऱ्यांदा. सारखा." "तिसऱ्यांदा. सारखा."

बाबांचा आवाज ऑफिसातला झाला होता. चौथ्यांदा सारखा. पाचव्यांदा सारखा. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. सहाव्यांदा सारखा म्हटल्यावर ती म्हणाली, "जाऊ द्या. नाही माझ्या नशिबात." अगदी साध्या आवाजात. मला रडू फुटलं, मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

मागून बाबा म्हणाले, "सातवा व्हायचाय अजून."

मी परत आले तेव्हा ते काट्याकडे बघत होते. कान लाल झाले होते. "तांदळाचं पारडं खाली गेलं," ते म्हणाले. "बाण हलका भरला."

"हलका म्हणजे गृहस्थाचा!" मी ओरडलेच. काकू खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. आईनं आधी काट्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि हात जोडले. त्या तोललेल्या तांदळाची खीर करून नैवेद्य दाखवायचा होता, म्हणून ती पारडं घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ गेला. मग खिरीचा वास आला, बाण ताम्हनात न्हाला, बेल वाहिला, आणि गुरुवारी आई निमूट दवाखान्यात भरती झाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सनं तिला दवाखान्याचे कपडे घालायला सांगितले. साडी सोडायच्या आधी आईनं पदराची एक गाठ सोडली आणि माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. तीन दाणे. जाडे, इडलीच्या तांदळाचे.

"चिन्नोरमध्ये निघाले," ती म्हणाली. "धुताना."

जन्मभर केसाएवढी फट मोजणारा माणूस, आणि चोरी करताना बारीक तांदळात जाडे दाणे टाकून मोकळा! चोरीलाही सराव लागतो हो. "मग तू... तरीसुद्धा?" मी विचारलं. स्ट्रेचर आलं होतं. तिनं मला खाली वाकवून कानात दोन वाक्यं सांगितली. वर म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे."

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो, बाबा, मी आणि डबा घेऊन आलेल्या काकू. तासाभरानं बाबा एकदम म्हणाले, "मी खोटं माप दिलं."

मी काही बोलायच्या आत ते बोलत सुटले. सुपातले दाणे उचलले, तिची साक्षीदार शेजारी बसली असताना. ती देवाच्या भरवशावर आत गेली आणि तो देव आपण खोट्या काट्यानं बसवला. "तिला काही झालं तर ते माझ्या हातून झालं."

"मी पाहिलं होतं, भाऊ," काकू म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"आमच्या पंचशीलात खोटं बोलू नये असं आहे. गप्प बसू नये असं नाही."

बाबांना हसूही येईना. माझ्यानं ते बघवेना. आईला दिलेला शब्द मी मोडला. पर्समधून त्या दाण्यांची पुडी काढली आणि त्यांच्या तळहातावर सोडली. त्यांनी दाणे बोटानं सरकवून मोजले. "तीन," ते म्हणाले. "तीनच होते." मग माझ्याकडे पाहिलं. "तिला माहीत होतं? मग ती तयार कशी झाली?"

आई कानात जे बोलली होती ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. "या माणसाला एक दाणा इकडचा तिकडे करायला आजवर कोणी लावू शकलं नाही. ज्याच्यासमोर यांचा हात हलला, तो धोंडा कसा असेल?"

बाबांनी मूठ मिटली. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "चुकतेय ती," ते म्हणाले. "हात काही दगडासाठी नाही हलला."

"मग हे तुम्हीच सांगा तिला. मी नाही सांगणार."

झडप नीट बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेकालाच पाच मिनिटं आत सोडत होते. बाबा मूठ तशीच मिटून आत गेले आणि बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते, पण चेहरा चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा.

"सांगितलंत, हात कोणासाठी हलला ते?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, ते मला काटा हलायच्या आधीच कळलं होतं."