भिलाईच्या ओळीतलं शेवटचं घर

भिलाईला लोक कारखाना बघायला जायचे. पुढारी जायचे, शाळांच्या सहली जायच्या, आमच्या गावचे दोन मास्तर तर धुराडी बघून येऊन महिनाभर तेच सांगत बसले होते. आम्ही गेलो ते एका घराचा भाव वाजवी आहे की नाही, हे ठरवायला. ठरवणार होते माझे वडील, म्हणजे बाबूजी; लोक त्यांना पटेल म्हणायचे. माय आणि मी डबे सांभाळायला.

गोष्ट साठ सालच्या आसपासची, कारखाना अजून उभा राहत होता तेव्हाची. माझा थोरला भाऊ, दादा, रेल मिलमध्ये लागला होता आणि कॅम्प वनमध्ये, म्हणजे कामगारांच्या एक नंबरच्या वस्तीत, एका खोलीत राहायचा. सोबत वहिनी आणि नुकतंच पाऊल टाकू लागलेलं लेकरू. कंपनीच्या क्वार्टरसाठी नंबर लावून ठेवला होता, पण मागणारे ढीगभर आणि क्वार्टर मोजके. दिवाळीत दादा गावी आला तेव्हा म्हणाला, हमरस्त्याच्या कडेला एका खाजगी ठेकेदारानं एकाला एक चिकटून घरं बांधली आहेत, विकतो आहे. माझ्या हिश्श्याची धानाची बांधी विका आणि त्यातलं एक घेऊन द्या. बाबूजी म्हणाले, आधी मी पाहीन.

त्यांच्या पाहण्याला आमच्याकडे वजन होतं. आमगावच्या आसपास कुठंही भावाभावांत वाटणी झाली की घराची किंमत करायला बाबूजींना बोलावणं यायचं. पद्धत ठरलेली. जागा गावठाणाची, तिला मोल नाही. भिंती मातीच्या, त्या मातीत जाणार. मोल असतं ते लाकडाचं आणि छपरावरच्या कवेलूंचं. घर मोडलं तर हातात काय येईल, ती घराची किंमत. बाबूजी आत जायचे, मयालीवर, म्हणजे आढ्याच्या तुळईवर, आणि खांबांवर नखानं टोकरायचे, बाहेर येऊन उंबऱ्यावर उभे राहायचे आणि एक आकडा बोलायचे. बोललेला आकडा वर जायचा नाही की खाली यायचा नाही. त्यांच्या आकड्यावर कुणी कोर्टात गेलं नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

आज तुम्ही जाणार असाल तर गोंदियाहून हव्या तेवढ्या गाड्या आहेत आणि पॉवर हाऊस स्टेशनला उतरलं की कॅम्प जवळच. आम्ही आमगावहून पॅसेंजरनं निघालो. दरेकसाचा बोगदा आला की खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर कोळशाचा चुरा डोळ्यांत जातो. लावल्या तरी जातोच. डोंगरगडला सगळ्या डब्यानं टेकडीवरच्या बमलाईला हात जोडले. मायनं पानग्या आणि जवसाची चटणी काढली. बाबूजींनी तेवढ्यात बाकाच्या फळ्यांवर नख फिरवून समोरच्याला सांगितलं की लाकूड सागाचं आहे, पण कोवळं कापलेलं. त्यानं न विचारताच.

दुर्गला उतरलो, बसच्या टपावर चिन्नोर तांदळाचं पोतं टाकलं आणि दिवस कलता कलता कॅम्पात पोचलो. लाल धूळ. केसांत, पाण्याच्या घागरीत, भातात. एका दारात तेलुगू, दुसऱ्या दारात पंजाबी, तिसऱ्यात आमची मराठी. चहा एक आण्याला. नवे पैसे आले होते तरी हॉटेलवाला आणेच बोलायचा. भजी मात्र झकास, मिरचीची, ती मी अजून विसरले नाही.

दादाची खोली म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वरून शेणामातीचा लेप, डोक्यावर पत्रा. दिवसा पत्रा तापायचा, रात्री गळायचा, दवानं. नळ गल्लीच्या तोंडाशी, त्याला घागरींची रांग. संडास नाही. बायका उजाडायच्या आत नाल्यापलीकडच्या माळावर जायच्या, आणि बांधकाम पुढं सरकत होतं तसा माळ दर महिन्याला मागं सरकत होता. वहिनी मला पहिल्याच पहाटे तिकडं घेऊन गेली. वाटेत एका ट्रकनं दिवे टाकले तेव्हा सगळ्या बायका एकदम खाली बसल्या. रोजचंच होतं त्यांना. मला रडू आलं होतं.

आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. डोक्यावर पदर आणि मध्ये कुणीतरी निरोप्या. लग्न होऊन आल्यापासून वहिनीची निरोपी मीच. त्या एवढ्याशा खोलीत, जिथं हात लांब केला तर सासऱ्याच्या ताटाला लागेल, तिथंही ती मला विचारायची की मामाजींना अजून भात हवा का, आणि बाबूजी माझ्याकडे बघून म्हणायचे की तिला सांग, थोडा वाढ. मध्ये मी, दोन्हीकडं मान वळवत.

दुसऱ्या दिवशी दादाची रात्रपाळी संपल्यावर सगळे घर बघायला गेलो. आज ज्या भागाला नेहरू नगर म्हणतात त्या बाजूला, तेव्हा तिथं धानाच्या कापलेल्या शेतांशिवाय काही नव्हतं. हमरस्त्यालगत आठ-दहा घरांची एक ओळ, सगळी सारखी, पांढरी, चुन्याचा वास येणारी. विकाऊ राहिलेलं होतं ते ओळीतलं शेवटचं. पुढं पडवी, दोन खोल्या, वर सिमेंटची स्लॅब, मागं न्हाणी, नळ आणि संडास.

वहिनी पुढच्या खोल्यांकडं पाहायलाही थांबली नाही. थेट मागं गेली. नळ सोडला, पाणी आलं. बंद केला. पुन्हा सोडला. मग संडासात शिरली आणि आतून कडी लावून घेतली. बराच वेळ बाहेर आली नाही, मी दारावर टकटक केली. तिला जायचं नव्हतंच. नुसती उभी होती, बंद दाराच्या आत, कुणी बघत नाही म्हणून. हे तिनंच मला परतताना सांगितलं आणि लाजली.

बाबूजी पुढं लाकूड शोधत होते. मयाल नाही, खांब नाही, छपराचे फाटे नाहीत. काठीनं स्लॅब ठोकून पाहिली. ठेकेदाराचा मुनीम सोबत होता, पान चघळणारा, हसरा माणूस. बाबूजींनी त्याला विचारलं की हे मोडलं तर हाती काय येणार. तो म्हणाला, "पटेलजी, तोड़ने के लिए घर कौन ख़रीदता है?" बाबूजींना ते मुळीच आवडलं नाही. मग त्यांनी शेजारच्या घराची सामाईक भिंत पाहिली आणि म्हणाले की दोघांची भिंत म्हणजे कुणाचीच नाही. उद्या तिला तडा गेला तर कोण लिंपणार? आमच्या गावात दोन घरांमध्ये पागोळ्या पडायला तरी जागा सोडतात.

हे सगळं खरं होतं. पण ते उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले तेव्हाच दादाचा चेहरा उतरला, कारण आता काय होणार ते आम्हाला ठाऊक होतं. बाबूजी आकडा बोलले. मुनीमनं सांगितलेल्या भावाच्या निम्मा.

मुनीम हसला आणि निघून गेला. मात्र दुसऱ्या दिवशी तोच कॅम्पात आला, खोलीच्या दारात बसला, चहा प्याला आणि खाली उतरला. चांगलाच उतरला. शेवटचं घर आहे, ठेकेदाराला ओळ संपवायची आहे, म्हणाला. आता दोघांच्या आकड्यांत अंतर उरलं ते एका बैलजोडीएवढं, आणि बैलही काही नामी नव्हेत, म्हातारे. तेवढं मी पगारातून भरतो, असं दादा म्हणाला. बाबूजींनी मान हलवली.

"मी बोललो तो भाव बोललो. आता वर गेलो त उद्या वाटणीत मले कोण बोलावीन?"

दादा खाली बघत राहिला. मला त्याचाही राग येतो. कारखान्यात तापलेल्या लोखंडापुढं उभा राहणारा माणूस, बापापुढं त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मुनीमनं संध्याकाळपर्यंत वाट पाहतो म्हणून सांगितलं आणि तो गेला. वहिनीनं चुलीपाशी बसूनच हातातल्या पाटल्या काढल्या आणि माझ्या ओच्यात टाकल्या. मामाजीले सांगा, म्हणाली, वरचे पैसे यातून द्या. मी सांगितलं, अक्षर न गाळता सांगितलं. बाबूजी पाटल्यांकडं बघून मला म्हणाले, सांग तिला, सोनं मोडून चुना घेत नसतात.

मी वळले. पण वहिनी माझ्याकडं पाहतच नव्हती. तिनं पदर नीट केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती बाबूजींशी बोलली.

"मामाजी, त्या घराची किंमत केली तुमी. आता या खोलीची करा."

मायनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता बाबूजी कडाडतील. तसं काही झालं नाही. जन्माची सवय, दुसरं काय. त्यांची नजर वर गेली, पत्र्यावरून, बांबूवरून फिरली. उठून त्यांनी कोपऱ्यातल्या वाशाला नखानं टोकरलं. भुसा पडला.

"याची काय किंमत," ते म्हणाले. "मोडली त काहीच हाती येत नाई."

"हाव. पण मोडल्यावर नाई, आत्ता राहून राहिलो आमी यात."

बाबूजींनी काठी उचलली आणि ते बाहेर जाऊन नळाच्या रांगेपाशी उभे राहिले. तिथून त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, तिला सांग, सासऱ्यापुढं असं बोलू नये. पातळ तट्ट्याची भिंत. तिनं ऐकलंच होतं. मी आत गेले तर ती माझ्या ओच्यातल्या पाटल्या गुंडाळायला मायच्या हातात फडकं देत होती, तांदूळ निवडायचं सूप पुढं ओढत होती. संध्याकाळ झाली, पाळी सुटल्याचा भोंगा वाजला आणि मुनीमकडं कुणी गेलं नाही.

परतीच्या गाडीत बाबूजी खुशीत होते. डब्यातल्या लोकांना त्यांनी रंगवून सांगितलं की ठेकेदाराचा माणूस कसा दारात येऊन बसला आणि किती खाली उतरला. लोकांनी वा पटेल, वा पटेल केलं. माय खिडकीबाहेर बघत होती. डोंगरगड आलं तेव्हा तिनं हातही जोडले नाहीत, मीच तिला हलवून टेकडी दाखवली.

गावात आमची बांधी वाचली म्हणून कौतुक झालं. पुढं कळलं की ते घर सालेकशाकडच्या कुणीतरी मुनीमच्या भावात, घासाघीस न करता घेतलं. बाबूजी म्हणाले, मूर्ख असेल. आणखी दोन-चार वर्षांनी दादानं सांगितलं की त्या ओळीच्या स्लॅबा गळतात, सामाईक भिंतींना तडे गेलेत आणि कुणी लिंपायचं यावरून शेजाऱ्यांत बोलणं बंद आहे. बाबूजींना झालेला आनंद मी पाहिला आहे. चार माणसांना बोलावून त्यांनी तो किस्सा पुन्हा ऐकवला.

तर घर घ्यायला निघालेल्या वाचकांनो, भाव पारखण्याबद्दल मला विचाराल तर माझे वडील बरोबर होते. लाकूड नव्हतं, भिंत सामाईक होती, पैसे जास्त मागत होते. एकूण एक मुद्दा बरोबर. हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. चुकले असते तर निदान कधीतरी ओशाळले तरी असते. त्यांच्या बरोबर असण्याची किंमत वहिनीनं चुकवली, क्वार्टर मिळेपर्यंत, रोज उजाडायच्या आत, नाल्यापलीकडं. दुसरं लेकरू पोटात असतानाही. तो भाव कुणी केला नाही.

वहिनी सणाला गावी यायची. सगळं करायची, बाबूजींच्या ताटात भात पुरेसा आहे की नाही हे आता माझ्याकडून न विचारता स्वतःच बघून वाढायची. पदर डोक्यावर, कुठं बोट ठेवायला जागा नाही. फक्त त्या दिवसानंतर तिनं मला बाबूजींसाठी एकही निरोप दिला नाही. सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं नसावं. म्हातारपणी आलं. ती जेवण वाढून आत गेली की खाटेवरून मला खूण करायचे आणि हळूच विचारायचे, काय म्हणत होती ती?

"काही नाई म्हणत, बाबूजी," मी सांगायची.

दर सणाला विचारायचे.