कठड्यावरचा हात

स्वीडनला लेकीकडे गेलो तेव्हा तिने बर्फावरची हॉकी दाखवली. बाकावरचे खेळाडू पाळीपाळीने कठड्यावरून उडी टाकून मैदानात उतरतात.

"बाबा, ते कोच बघा. पूर्वी स्वतः खेळायचे."

त्या सुटाबुटातल्या गृहस्थांनी बदलीची हाक दिली आणि कठड्यावर हात टेकून स्वतःच गुडघा उचलला! तोवर एक खेळाडू उडी मारून गेलाही. कोच हसले, मागे सरकले.

माणूस रिटायर होतो. हातपाय कुठले व्हायला?

परतताना गाडी लेक चालवत होती. वळणावर माझा उजवा पाय जोरात दाबला गेला. जन्मभर बस चालवलेला पाय तो.

"बाबा, ब्रेक माझ्याकडे आहे."

खरंच की! पाय सैल सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजूच्या खिडकीतून निवांत बाहेर पाहिलं.