जिजीच्या तवशाचं बी

"आसंल," जिजी म्हणायची, आणि खालचा ओठ जरासा पुढं काढून आपल्या तोंडाकडं बघत राहायची. तुम्ही सांगितलेलं असायचं एवढंच, की आज पौडच्या बाजारात मिरची स्वस्त होती, किंवा आमची म्हैस व्याली. आता त्यात खोटं काय असणार? पण जिजीच्या त्या "आसंल"नं आपल्यालाच वाटायला लागायचं, की खरंच व्याली का म्हैस, एकदा गोठ्यात जाऊन बघून यावं.

तिचं नाव नाही सांगत. गावात सगळे जिजीच म्हणत, आणि पाठीमागं काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. मी लग्न होऊन मुळशी खोऱ्यात आले तेव्हा स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. जिजी साठीच्या घरात होती. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा मुंबईला गिरणीत. तिचं परस आणि आमचं परस यांच्यामध्ये फक्त एक निरगुडीचं कुंपण.

परस केवढं, तर दोन बैलगाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढं. पण त्यात काय नव्हतं ते विचारा. न्हाणीचं पाणी दगडाच्या सारणीतून आधी अळवाला जायचं, अळवातून केळीला आणि उरलंसुरलं मिरचीला. कारवीच्या काठ्यांचा मांडव. त्यावर दोडका, कारलं, घोसाळं, आणि सगळ्यांत वर, मानाच्या जागी, तवसं. आमच्याकडं पावसाळ्यात येणाऱ्या हातभर लांब काकडीला तवसं म्हणतात. सकाळी दव असतानाच ती पानापानावर चुलीतली राख भुरभुरायची, कीड लागू नये म्हणून. मग वेलाचे शेंडे उचलून पोरीची वेणी घालावी तसे एकेक सारखे करायची. मी शेतकऱ्याचीच लेक, शेतात राबलेली. पण तोंडही न धुता आधी परसात जावं आणि कालच्या कळीचं काय झालं ते बघावं, ही चटक मला कुंपणापलीकडच्या जिजीला बघूनच लागली.

बघायचं मात्र चोरून. कारण जिजीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. कोवळ्या फळाकडं बोट दाखवलं की ते कुजतं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. जिजी त्याच्या पुढं गेलेली. तिच्या परसात येणाऱ्या बाईनं हात पदराखाली घ्यायचा. माळावर मेंढरं बसवणारी सखूबाई धनगरीण तिला लेंड्यांचं खत आणून द्यायची. जिजी ते पाटीभर खत आधी चाळायची. "माती मिसळली न्हाईस न्हवं?" सखूबाई म्हणायची, "मेंढीला इचार की." तरी दर वर्षी चाळणी काढायचीच.

एकदा ग्रामसेवक आला. तेव्हा असे लोक नव्यानं गावोगाव फिरू लागले होते. त्यानं कोबीचं बी फुकट दिलं. फुकट म्हटल्यावर जिजीनं ते नीट परसात लावलंच नाही, फुटक्या घागरीत लांब उकिरड्याजवळ लावलं, आणि चोरावर ठेवावी तशी त्यावर पाळत ठेवली. गड्डा धरायला लागला तशी तिची झोप उडाली. पानात पान, पानात पान, आत काय दडवतंय हे? शेवटी एक दिवस ती गड्डा मांडीवर घेऊन बसली आणि एकेक पान सोलत शेवटपर्यंत गेली. मी कुंपणातून बघत होते हे तिला ठाऊक होतं. देठ वर धरून म्हणाली, "बगितलंस? येवढं झाकायचं, आन आत काय न्हाई." ग्रामसेवकाला तिनं पुढं कधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण बी मागितलं तर जिजी कुणाला नाही म्हणायची नाही. बियाण्याला नाही म्हणू नये, घरची लक्ष्मी जाते, अशी आमच्याकडची रीत. मृग जवळ आला की बायका तिच्या दारात जायच्या, आणि ती प्रत्येकीच्या ओंजळीत मोजून पाच बिया टाकायची. तिच्या तवशासारखं तवसं अख्ख्या खोऱ्यात नव्हतं. पातळ सालीचं, आत बी कमी, आणि गोडी अशी की मीठही नको. बायका बी न्यायच्या, लावायच्या, आणि कुणाकडं काही उगवायचं नाही. जिजी म्हणायची, "हाताला गुन लागतो बाई."

मी दोन पावसाळे लावलं. एक कोंब वर आला नाही. आमच्या सासूबाईंनी ते धरून ठेवलं. भाकरी करपली तरी हाताला गुण नाही, ताक नासलं तरी हाताला गुण नाही. मी मनातून खचले. नवी सून, पाळणा अजून हलायचा होता. माझ्या हातानं काही रुजतच नाही का, हा विचार दिवसभर डोक्यात.

अशात त्या वर्षी जिजीच्या वेलाचा एक शेंडा कुंपणावरून आमच्या बाजूला आला आणि निरगुडीच्या पाल्यात त्याला एक तवसं धरलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. अश्विनात ते पिकून पिवळंजर्द झालं, मी तोडलं, बी धुऊन राखेत घोळवलं, आणि दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला तेव्हा गुपचूप माहेरी नेऊन आईपाशी ठेवलं. इथं लावलं असतं तर जिजीनं पहिल्या पानालाच ओळखलं असतं. मला एवढंच बघायचं होतं, की खोट बियाण्यात आहे की माझ्या हातात.

माहेराहून आले तर जिजी दारात. तिच्या हिशेबात एक तवसं कमी होतं. शपथ मी देवाची घेईन म्हटलं, तर म्हणाली, "देव कुनाचं बी ऐकतो. माज्या येलाच्या बुडाला हात लाव नि सांग." लावला हात. म्हटलं, "मी तुमचं तवसं बगितलं बी न्हाई."

"आसंल."

आठ दिवसांत तो वेल वाळून काडी झाला. दिवाळीनंतर तवशाचे वेल वाळतातच, हे मला कळत नव्हतं का? तरी त्या दिवसांत मला घास गोड लागला नाही.

पुढच्या वैशाखात जिजीला हिवताप भरला. अशी थंडी वाजायची की खाली बाज हलायची. मुलाला पत्र गेलं, पण तो येईपर्यंत बघणार कोण? सासूबाईच म्हणाल्या, जा, पेज करून घाल. मी तीन दिवस तिच्या चुलीपाशी होते. दाराआड गोवऱ्यांची रास होती, त्यातल्या हाताशी येतील त्या घेत होते. तिसऱ्या दिवशी चुलीत गोवरी घातली आणि बारीक तडतड झाली, मोहरी फुटावी तशी. जिजी तापातून ताडकन उठून बसली.

"कुटल्या कोपऱ्यातली घातलीस?"

मी सांगितलं, दाराआडच्या.

"किती घातल्यास?"

तीन दिवसांत तीन-चार गेल्या होत्या. ती पुन्हा आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं. मग मला उमगलं. वेलाचं बी शेणात थापून, वाळवून ठेवायची पद्धत तुम्हाला माहीत असेल. बाकीच्या बायका अशी बियाण्याची गोवरी चुलीवरच्या भिंतीला लावतात, वर अंगठ्याची खूण करतात. जिजीनं खूण केली असती तर चोराला कळलं असतं. म्हणून तिनं ती इतर गोवऱ्यांसारखीच थापून राशीत दडवली होती.

"आता मिरगाला कुनाकडनं तरी आनू," मी म्हटलं. "गावात येवढं वाटलंय तुमी."

"कुनाकडं न्हाई," ती भिंतीलाच म्हणाली. "द्यायच्या आदी कढत पान्यातनं काडत हुते मी."

किती बायकांनी किती पावसाळे आपल्या हाताला बोल लावला होता! राग आला, खोटं कशाला बोलू. मग ती थांबत थांबत सांगत गेली, की हे बी तिच्या आईनं तिला लग्नात पदराला बांधून दिलं होतं. पुढं धरणाचं पाणी चढलं आणि माहेरचं गाव, घर, परस, सगळं खाली गेलं. "आई बी गेली त्याच साली. येवढंच ऱ्हायलं हुतं. गावभर झालं तर त्ये माजं काय ऱ्हायलं?"

चुलीत ती गोवरी अजून धुमसत होती. मी म्हटलं, "जिजी, कुंपनावरचं तवसं मीच नेलं."

"ठावं हाय. तुमच्या अंगाला येलावर देठ तसाच ऱ्हायला हुता."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलून तवसं परत लागतंय व्हय?" आणि मग, हळूच, "बी कुटं हाय?"

"आईकडं."

"किती हाय?"

"मोजलं न्हाई."

"मोजलं न्हाई म्हनं," ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पेजेची वाटी स्वतःच्या हातानं उचलली.

दुसऱ्या दिवशी पायी माहेर गाठलं आणि बी घेऊन आले. जिजीनं ते दिव्याच्या उजेडासमोर धरलं, हुंगलं, एक चावून बघितलं.

"उकाडलं न्हाईस कशावरनं?"

"मी कशाला उकाडीन?"

"मी न्हाई का उकाडलं."

मग ओल्या फडक्यात बांधून तीन दिवस उशाशी घेऊन निजली. कोंब फुटले तेव्हा कुंपणाशी येऊन मला हाक मारली, आणि त्यातले दोन माझ्या तळहातावर ठेवले. "लाव. तुज्या हाताला काय झालंय त्ये बगू." त्या श्रावणात आमच्या मांडवाला अकरा तवशी लागली. सासूबाईंनी सगळ्या आळीला दाखवली, बोट आवळून, मुठीनं.

त्यानंतर जिजी पाच-सहा वर्षं होती. मला चांगलं बी देऊन काही ती बदलली नाही. इतरांना उकडलेलंच द्यायची, आणि मी गप्प बसायची. एकदा म्हटलं, माझ्याकडचंही जळलं तर? ती वेलाचे शेंडे सारखे करायला लागली.

शेवटच्या उन्हाळ्यात तिला बाजेवरून उठवेना. मृग लागायला दोन दिवस होते. बायका दाराशी जमल्या, सखूबाईपण होती. जिजीनं मला आत बोलावून बियाण्याची पुरचुंडी हातात दिली. "तू दे." मी तिच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "पानी तापवू?"

तिनं चुलीकडं बघितलं.

"नगं," म्हणाली. "सरपान कशाला जाळतीस उगं."

आषाढात ती गेली. मुलगा येऊन दिवस करून गेला, दाराला कुलूप लागलं. परसात अळू माजलं, मांडव एका बाजूनं बसला. आणि गावात घराघरांवर तवशाचे वेल चढले. कौलांवर, गोठ्यांवर, माळावर सखूबाईच्या खोपटावर. बायका एकमेकींना बोलावून दाखवायच्या आणि मग माझ्याकडं बघायच्या. इतकी वर्षं जिजीच्या हातचं रुजलं नाही, आणि हिनं दिलेलं रुजलं? हिनं काय केलं? म्हातारीचा गुण काढून घेतला का? पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी म्हणत राहिले, औंदा पाऊस चांगला झाला.

श्रावणात सखूबाई दुपारची आली. हातात पळसाच्या पानावर तवशाची एक फोड. ती माझ्या हातात दिली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली, जाईना.

"खा की," म्हणाली.

पाणवठ्यावरचं बोलणं तिच्याही कानावर गेलेलं, तिनं स्वतः अजून खाल्लं नव्हतं. मी तिच्या देखत फोड खाल्ली, सालीसकट. मग तिनं कनवटीची दुसरी फोड काढली आणि उंबऱ्यावर बसली.