नागवेकर मॅडमची चौकशी

नागवेकर मॅडम पहिल्या दिवशी हजेरी घेत नसत. एकेका बाकाशी जाऊन विचारत, "कोणाची गो तू?" रत्नागिरीत हा प्रश्न कुणाला चुकत नाही. बाजारात, देवळात, एसटीत, कुठेही विचारला जातो आणि आजोबांपर्यंत पोचल्याशिवाय विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. पण कॉलेजात, मानसशास्त्राच्या वर्गात? मी जरा घुश्श्यातच म्हटलं, "खेडच्या डेपोतल्या साळवींची." एवढं त्यांना पुरलं. मग टेबलाशी जाऊन म्हणाल्या, "माणसाला विचारतो तसं उपचारालाही विचारायचं. मुलगी द्यायची तर सात गावं चौकशी करता. मन कुणाच्या हाती देताना मात्र तोंडाला कुलूप."

त्या मानसशास्त्राचा इतिहास शिकवत. हा पेपर पाठ करायचा आणि विसरायचा, असा आधीच्या मुलींचा सल्ला होता. मॅडमनी तो भाऊबंदकीसारखा शिकवला. जर्मनीतल्या पहिल्या प्रयोगशाळेत माणसं स्वतःच्या मनात डोकावून काय दिसतं ते सांगत. दोघांचं सांगणं एक होईना, तेव्हा अमेरिकेतले वर्तनवादी वैतागले. मनाचं नाव नको, वागणं तेवढं बघा, म्हणाले. "नातू भांडून वेगळा निघाला," मॅडम सांगत, "पण जाताना भांडी आजोबांचीच घेऊन गेला." आज मी समुपदेशन करते. कुणाला मनातल्या विचाराकडे जरा लांबून बघायला सांगते, कुणाला भीतीच्या जवळ थोडं थोडं नेते, तेव्हा ही दोन्ही घराणी माझ्या खोलीत शेजारी शेजारी बसलेली असतात.

प्रेमळ वगैरे त्या नव्हत्या. एकदा काढलेली चूक दुसऱ्या दिवशी पुन्हा काढत. तरी मला त्या फार आवडत. गेल्या वर्षी त्या गेल्या, आणि शंका विचारायला हक्काचं दार उरलं नाही.

त्या निवृत्त झाल्यानंतर एका पावसाळ्यात चिपळूणला पूर आला. पूर ओसरल्यावर मी तिथल्या एका शाळेतल्या छावणीत काम करत होते. बाहेरून आलेल्या एका गटाची पद्धत ठरलेली होती. लोकांना गोल बसवायचं, आणि प्रत्येकाने जे पाहिलं ते सगळं सांगून टाकायचं. छावणीतल्या सुलभाताईंची पिठाची गिरणी होती. लेकराला माळ्यावर चढवेपर्यंत खालच्या खोलीतली सासू पाण्यात गेली होती. गोलात त्यांना खोदखोदून विचारलं. त्या अर्धं बोलल्या आणि गप्प झाल्या, त्या गप्पच. जेवण बंद, झोप बंद, मुलाला जवळ घेणं बंद. नवरा हात जोडून म्हणायला लागला, "परत बसवा तिला. बोलली की बरी होईल." गटाचंही तेच मत पडलं. मला ते पटत नव्हतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. मी मॅडमना फोन केला.

त्या सकाळच्या एसटीने आल्या. गटप्रमुखाला त्यांनी आधी विचारलं, "ही पद्धत कोणाची?"

"बोललं की मन मोकळं होतं, हे तर जुनंच आहे," तो म्हणाला.

"जुनं आहे ते व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं. त्यांच्याकडे माणूस आपल्या पायांनी यायचा, महिनोन् महिने यायचा. संकटानंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घ्यायचं, ही त्यांची लांबची नात. तिला पुढे पारखलं, तेव्हा फायदा दिसला नाही. काहींना त्रासच वाढला. तुम्ही आजोबांचं नाव ऐकलंत आणि नातीला घरात घेतलंत."

मग त्या सुलभाताईंपाशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "गिरणीच्या दगडात चिखल बसलाय. दगड उचलायचा कसा गो?"

सुलभाताईंनी मान वर केली. "मोठा पाना लागंल," त्या म्हणाल्या.

मॅडम तिथेच ओळखीच्या घरी राहिल्या. रोज दोघी चिखल खरवडायच्या. पुराबद्दल मॅडमनी एक शब्द विचारला नाही. नवऱ्याला मात्र बजावलं, "बोलली तर ऐक. नाही बोलली तर जेवायला वाढ. झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरकडे नेऊ, त्यात लाजायचं काही नाही." काही दिवसांनी सुलभाताई मुलाला मांडीवर घेऊन जेवल्या, तेव्हा मलाच रडू आलं.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी मी दारात उभी होते. सुलभाताईंनी वर तांदूळ ओतले आणि मॅडमकडे तोंड करून त्या बोलायला लागल्या. बोलतच राहिल्या. हात हलत होते, डोळे वाहत होते. मॅडम पिठाने पांढऱ्या होऊन समोर उभ्या होत्या, मध्येच मान हलवत होत्या. दळण संपेपर्यंत हे चाललं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या?"

"मला काय माहीत? त्या खडखडाटात एक अक्षर ऐकू आलं नाही."

"मग गिरणी बंद करायला सांगायचं ना, मॅडम."

"बटण तिच्याच हाताशी होतं गो," मॅडम म्हणाल्या.