कबुतरं विकून चालवलेला कॉम्प्युटर

माझा मेहुणा क्लिफर्ड हेग मूर्ख नव्हता. हे आधीच सांगते, कारण बार्न्सलीजवळच्या आमच्या गावात त्याला हसणारे अजून आहेत. बाटल्यांचा कारखाना बंद पडल्यावर जी एकरकमी भरपाई मिळाली, तिच्यातून त्याने घरगुती कॉम्प्युटर घेतला. १९८३ साल. जो तो घेत होता. माझी बहीण ऑड्री म्हणाली, "हा बटाटे सोलणार आहे का?"

"कबुतरांचे निकाल लावणार आहे," क्लिफर्ड म्हणाला.

आमच्याकडे शनिवारी शर्यत असते. सगळी कबुतरं एकाच ठिकाणी सोडतात आणि ती आपापल्या घरी परततात. घरं कमीजास्त लांब, म्हणून प्रत्येकाचा वेग काढावा लागतो. कबुतरांच्या क्लबचा सेक्रेटरी नॉर्मन वेगाचे छापील तक्ते घेऊन संध्याकाळभर बसायचा. क्लिफर्डने टपालाने निकालाचा प्रोग्रॅम मागवला. तो आला कॅसेटवर. कॉम्प्युटरला जोडलेला टेपरेकॉर्डर किंचाळत बसायचा आणि शेवटी, घरचा टीव्हीच पडदा म्हणून लावलेला, त्याच्यावर उमटायचं, चूक झाली, पुन्हा सुरू करा. मग डिस्क ड्राइव्ह हवा झाला. त्याच्यासाठी तोच प्रोग्रॅम पुन्हा विकत. मग प्रिंटर. "एवढे घातलेत, आता थोडक्यासाठी कशाला सोडू?" हे त्याचं दर वेळी. प्रिंटरला पैसे उरले नव्हते, तेव्हा त्याने स्वतःची शर्यतीची कबुतरं विकली. नॉर्मनलाच.

विकत घेतलेलं कबुतर उडवता येत नाही. सोडलं की जुन्या घरी जातं. म्हणून त्याला जाळीत ठेवून नुसती पिल्लं काढतात. आमच्यात त्यांना कैदी म्हणतात.

यंत्र चाललं, पंचाईत तीच झाली. शनिवार आला की क्लबातले लोक, कबुतर घरी पोचल्याची वेळ टिपणारी शर्यतीची घड्याळं त्याच्याकडे आणून द्यायचे. क्लिफर्ड पडदे ओढून टीव्हीसमोर बसायचा आणि ऑड्री तिची मालिका बघायला माझ्याकडे यायची.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी त्याची जुनी निळी मादी नॉर्मनच्या जाळीतून निसटली आणि थेट क्लिफर्डच्या रिकाम्या खुराड्यावर येऊन बसली. संध्याकाळी नॉर्मन घड्याळं आणि टोपली घेऊन आला. मी परसात ऑड्रीला दोरीवरचे कपडे काढून देत होते.

"आली का माहेरपणाला?" नॉर्मन म्हणाला.

क्लिफर्डने तिला छातीशी धरलं होतं. "यंत्र घे, ही दे. प्रिंटरसकट घे."

"बायको मला प्रिंटरसकट बाहेर काढेल. आणि दुकानात नवीन कॉम्प्युटर आलाय, निम्म्या किमतीत. तुझा घेतो कोण?"

"मग निकाल तू लाव, पूर्वीसारखे. मी पुन्हा पक्षी ठेवीन."

"कशावर लावू? तक्ते जाळून टाक म्हणालास ना? भर क्लबात, ग्लास उंचावून. टाकले जाळून."

"अरे, मग नवे मागवा!" मला राहवेना.

"मागवतो की, मास्तरीणबाई. त्याने फक्त क्लबात उभं राहून सांगायचं, यंत्र नको म्हणून."

"सांगून टाक रे," मी क्लिफर्डला म्हटलं. "पैसे बुडाले म्हण आणि मोकळा हो."

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे ऑड्री हात पुसत उभी होती. त्या भरपाईच्या पैशांतून तिला समुद्राकाठी छोटं घर भाड्याने घ्यायचं होतं. कोरडे झालेले हात ती पुसतच राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

"बुडाले कुठे?" क्लिफर्ड म्हणाला. "चालतंय की चांगलं."

त्याने मादीला स्वतःच्या हाताने टोपलीत ठेवलं, पट्टा घट्ट केला, घड्याळं उचलली आणि निकाल लावायला आत गेला.